अकरा सळ्यांची जाळी आणि जिल्हा गुप्तहेर

"मी कोण आहे हे या जिल्ह्याला अजून कळलेलं नाही," अमृतराव बिराजदार गल्ल्यावर रेलून म्हणाले, "आणि तेच माझ्या यशाचं रहस्य आहे. नजर घारीची, कान हरणाचे, स्मरणशक्ती म्हणजे लोखंडी तिजोरी. आणि नाक... नाकाबद्दल मी स्वतः काय बोलू? लिंबाजी, तू सांग."

"सर्दी हाय मालक," लिंबाजी म्हणाला.

"मालक नाही म्हणायचं. साहेब."

"सर्दी हाय साहेब."

लिंबाजी अठरा वर्षं 'बिराजदार बी-बियाणे भांडार'मध्ये हमाल होता. पाठीवर ज्वारीच्या बियाण्याचं पोतं घेऊन तो गंजगोलाईच्या गोल बाजाराला फेरी मारू शकत असे. पण लातूर जिल्हा होऊन आता तिसरं वर्ष होतं आणि नीट पाऊस न पडून दुसरं. पेरायलाच कुणी नव्हतं, तर बी घ्यायला कोण येणार? दुकानात दिवसभर दोघंच. एक पोत्यावर बसलेला, एक गादीवर. पोत्यावर बसलेल्याला काळजी होती आणि गादीवर बसलेल्याला रिकामा वेळ. त्या रिकाम्या वेळातूनच गुप्तहेर जन्माला आला.

अमृतरावांचा हिशेब सरळ होता. जिल्ह्याला कलेक्टर आला, पोलीस कप्तान आला, सिव्हिल सर्जन आला. जिल्हा गुप्तहेर मात्र कुणी नेमला नाही. जागा रिकामी दिसली, म्हणून ते बसले. दुकानाच्या पाटीवर 'बी-बियाणे'च्या खाली, 'बी-बियाणे'च्या दुप्पट अक्षरांत त्यांनी रंगवून घेतलं: 'येथे गुप्त तपास केला जातो.'

"एवढं मोठं लिव्हल्यावर गुप्त कसं ऱ्हाईल?" लिंबाजीनं तेव्हा विचारलं होतं.

"लोकांना वाटेल, एवढं मोठं लिहिलंय म्हणजे खोटं असणार," अमृतराव म्हणाले होते. यावर लिंबाजीनं डोकं खाजवलं होतं. अमृतरावांच्या बऱ्याच बोलण्यावर तो डोकं खाजवत असे, आणि अमृतराव ते आपल्या खात्यावर जमा करत.

आजवरचा त्यांचा गाजलेला तपास म्हणजे दगड-प्रकरण. गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर यायचा. दोन-दोन दिवस रांगेत उभं कोण राहणार? म्हणून ज्यानं त्यानं आपल्या नंबरावर काहीतरी ठेवून द्यायचं आणि कामाला जायचं. घागर ठेवली तर घागरच जायची, म्हणून बायका दगड ठेवू लागल्या. मग एका सकाळी दोघी एकाच दगडावर हक्क सांगायला लागल्या. अमृतरावांनी भिंग लावून तासभर तो दगड पाहिला आणि तो तिसरीचाच असल्याचा निकाल दिला. तिघी मिळून जे काही बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यावर रांगेची कारभारीण नागुबाई हिनं कायदा केला. नागुबाईला कुणी नेमलेलं नव्हतं, पण तिचा आवाज टँकरच्या भोंग्याहून मोठा होता. दगड बंद. लांबून ओळखू येईल आणि कुणाला चोरावीशी वाटणार नाही अशी वस्तू ठेवायची. वस्तू उचलली की नंबर गेला. तेव्हापासून लिंबाखाली बिनबुडाच्या बादल्या, सायकलचं वाकडं चाक, तीन पायांची खुर्ची अशी सगळी वरात पाण्याची वाट बघत बसलेली असे. येणारे-जाणारेही तिच्याकडे बघेनासे झाले होते.

पण ही गोष्ट रांगेची नाही, शेगडीची आहे.

लिंबाजीची बायको नीलाबाई दोन उन्हाळे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. हातोडा आणि दगड, दगड आणि हातोडा. एकदा कपची उडून डोळ्याखाली लागली, तिची खूण राहिली. तळहात तर असे झाले होते की भाकरी थापताना पीठ चिकटायचं नाही. एक दिवस गंजगोलाईच्या मागं भंगारवाल्याकडे तिनं ती शेगडी पाहिली. चांगली चार फूट लांब, बिडाची, चार पायांची, खाली राखेचं तबक, वर सळ्यांची जाळी, बाजूनं हवेची भोकं. कुठल्यातरी जुन्या डाकबंगल्यातली. एक पाय मोडलेला, भोकं काजळीनं बुजलेली, आणि गंज इतका की मूळ लोखंड कुठं संपतं ते कळू नये. नीलाबाई दोनदा तिच्याभोवती फिरली आणि गळ्यातली बोरमाळ भंगारवाल्याच्या हातावर ठेवून शेगडी घेऊन आली.

"हिच्यावर एका वक्ताला आठ वांगी बसत्यात," ती लिंबाजीला म्हणाली. "कडंला भाकरी शेकायची. मिरच्या भाजायच्या, ठेचा करायचा. निलंग्याहून, उदगीरहून मान्सं कागदं घेऊन कचेरीत येऊन राहिलीत. दिसभर उपाशी बसत्यात. त्यास्नी गरम भाकरी देऊ."

कचेरीसमोर बसवंतची चहाची टपरी होती. टपरीच्या पडवीत अर्धी जागा मोकळी होती. बसवंत बोलायला सरळ माणूस. "सोमवारी धाच्या ठोक्याला शेगडी पेटलेली दिसली तर जागा तुमची," त्यानं सांगितलं. "न्हाईतर रत्नम्मा भज्याचा गाडा घेऊन यायचं म्हनून राहिली. तिला मी अजून न्हाई म्हनलेलो न्हाई."

घरात शेगडी मांडायला जागा नव्हती, म्हणून ती दुकानामागच्या अंगणात ठेवली. अमृतरावांची परवानगी होती, एका अटीवर. त्यांची आई गौरम्मा त्याच अंगणात ऊन खात बसायची. गळ्यात इष्टलिंग, घरात कांदासुद्धा सोमवारी वर्ज्य. डाकबंगल्यात साहेब लोक या शेगडीवर कोंबड्या भाजत होते हे तिला कळलं असतं तर तिनं शेगडीसकट मुलालाही बाहेर काढलं असतं.

"आईला मी सांगितलंय, गोदामाची जुनी खिडकी काढलीय, तिचं सामान आहे म्हणून," अमृतराव म्हणाले. "तिला कमी दिसतं, आणि माझ्यावर विश्वास आहे. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

नीलाबाईनं आठ दिवस तोंड मिटून शेगडी घासली. घासायला पाणी नव्हतंच. जिथं माणसांना नव्हतं तिथं शेगडीला कुठून? तिनं विटकरीच्या तुकड्यानं गंज खरवडला, राख आणि नारळाच्या काथ्यानं घासलं, खिळ्यानं एकेक भोक मोकळं केलं. नरसिंग पत्रेवाल्यानं मोडका पाय रिबिटानं जोडला. मग आत गोवऱ्या पेटवून शेगडी तापवली, करडईचं तेल फिरवलं, परत तापवली. सातव्या दिवशी ती काळी कुळकुळीत चमकायला लागली. लिंबाजी लांबून बघत राहिला. अठरा वर्षांत त्यानं हजारो पोती वाहिली होती, पण बायकोचा चेहरा असा उजळलेला क्वचित पाहिला होता.

राहिली होती जाळी. शनिवारी संध्याकाळी एक बाजू घासून झाली. दुसरीवर गंज घट्ट होता. तो रात्रभर मऊ पडावा म्हणून नीलाबाईनं त्यावर तेल चोपडलं आणि जाळी भिंतीला टेकवून ठेवली.

रविवारी सकाळी जाळी नव्हती.

नीलाबाईनं अंगणाचा कोपरा न् कोपरा शोधला. लिंबाजी गल्लीत धावत सुटणार होता. आपल्याकडे काही हरवलं की पहिल्यांदा गल्लीत ओरडायचं, एवढं त्याला कळत होतं. पण दारात अमृतराव उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत, दुष्काळ पडल्यापासून पहिल्यांदाच, आनंद मावत नव्हता.

"एक शब्द नाही!" ते म्हणाले. "जिल्ह्याची पहिली चोरी! तू ओरडलास की चोर सावध झाला. तपास गुप्त राहील. आजपासून जाळी हा शब्द उच्चारायचा नाही. तिला आपण 'अमुक' म्हणू."

"मालक, उद्या धा वाजता..."

"साहेब."

"साहेब, उद्या धा वाजता शेगडी पेटाय लागतीय."

"उद्या नऊला चोर माझ्या पायाशी असेल. नीलाबाई, वर्णन?"

"अकरा सळ्या," नीलाबाई कोरड्या आवाजात म्हणाली. "मधी दोन बोटं फट. एका अंगाला गंज."

अमृतरावांनी वहीत लिहिलं आणि भिंग काढून अंगणात ओणवे झाले. धुळीत भिंतीपासून दारापर्यंत काहीतरी ओढत नेल्याचा पट्टा होता. त्याच्या शेजारी पावलं, आणि पावलांच्या शेजारी दोन-दोन हातांवर एकेक गोल भोक.

"पावलं दोन, भोक एक," अमृतराव पुटपुटले. "एकूण पाय तीन. तीन पायांचा माणूस नसतो, लिंबाजी. म्हणजे चोर दोघं. एक धडधाकट, आणि एक लाकडी पायाचा, तोही एकाच पायावर उड्या मारत आलेला."

"आन त्याचा दुसरा पाय?"

"उचलून धरला असणार. पुरावा राहू नये म्हणून."

पट्ट्याच्या कडेला त्यांना सुपारीचं एक खांड सापडलं. ते त्यांनी उजेडात धरलं, हुंगलं (काही उपयोग नव्हता), आणि चव बघावी म्हणून तोंडात टाकलं. बराच वेळ डोळे मिटून चघळलं. "चिकणी सुपारी. भाजकी. आमच्या घरात असते तशीच. म्हणजे चोर चांगल्या घरचा आहे." तेवढ्यात त्यांनी ती गिळली. लिंबाजीनं वहीत 'पुरावा एक: संपला' असं लिहून घेतलं, कारण तसंच लिहायला सांगितलं गेलं. मग अमृतराव तो पट्टा मोजत दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले, आणि चौथ्या फेरीला पट्टा राहिलाच नाही, सगळीकडे अमृतरावांच्याच वहाणा उमटल्या.

पहिला संशय रत्नम्मावर. कारण उघड होतं. अमृतराव गिऱ्हाईक बनून तिच्या गाड्यावर गेले. वेषांतर म्हणून त्यांनी चष्मा काढला होता, त्यामुळे ते आधी शेजारच्या केशकर्तनालयात जाऊन बसले आणि अर्धी दाढी झाल्यावर बाहेर पडले. मग दोन प्लेटी भजी खाल्ली.

"रत्नम्मा," त्यांनी तिसरी प्लेट मागताना सहज विचारलं, "तुमच्याकडं अमुक आहे का?"

"अमुक म्हंजे?"

"ज्यातून खालचं वर येतं आणि वरचं खाली जात नाही."

रत्नम्मानं कढईतला झारा वर काढून दाखवला. अमृतरावांनी झाऱ्याची भोकं मोजली. बावीस होती. अकरा दुणे बावीस! त्यांनी झारा तिथंच जप्त केला. रत्नम्मा कढईपाशी अडकली होती म्हणून वाचले. पळत दुकानात आल्यावर त्यांनी झारा शेगडीवर आडवा ठेवून पाहिला आणि खेदानं मान हलवली. "बसत नाही. पण वितळवून झारा केला असेल तर?"

"एका रातीत?" लिंबाजी म्हणाला.

दुसरा संशय, ज्यातून लातूर फुटून निघालं त्या जुन्या जिल्ह्यावर. "वाटणी झाली तेव्हा काही वस्तू इकडं आल्या, काही तिकडं राहिल्या," अमृतरावांनी आवाज खाली आणला. "शेगडी आपल्या वाट्याला आली. अमुक त्यांच्या वाट्याचं होतं. ते लोक आता एकेक सुटा भाग परत नेतायत. आज अमुक, उद्या तबक, परवा कलेक्टरची खुर्ची. हे फार वर जातं, लिंबाजी."

"आपन नरसिंगला नवी जाळी कराय सांगू की."

"शब्द!"

"नवं अमुक."

ती गोष्ट मात्र अमृतरावांना पटली, कारण नरसिंग संशयित नंबर तीन होता. दोघं पत्र्याच्या दुकानी गेले. उन्हाळा भाजून काढत होता, नरसिंग उघड्या अंगानं पाठमोरा बसून डबा ठोकत होता. त्याची पाठ बघून अमृतरावांनी लिंबाजीचा दंड इतका घट्ट धरला की त्याला पोत्याची आठवण झाली. नरसिंगच्या पाठीवर ओळीनं लालसर रेघा होत्या.

"पाठीवर वाहून नेली," अमृतराव कानात म्हणाले आणि सरळ पुढं होऊन पट्टीनं पाठ मोजू लागले.

"गुदगुल्या होऊन राहिल्यात की!" नरसिंग ओरडला. "काय करून राहिले मालक?"

"या रेघा कशाच्या?"

"बाजेच्या. गादी घालवत न्हाई उन्हाळ्यात. सुंभावर झोपलो."

"बाज दाखव."

बाज पाहिली. बाज नरसिंगच्या पाठीशी तंतोतंत जुळली. अमृतरावांना ते आवडलं नाही. नवी जाळी करायचं विचारल्यावर नरसिंगनं हात वर केले. तसल्या सळ्या गावात नव्हत्या, नांदेडहून यायला चार दिवस लागणार होते. आतापर्यंत लिंबाजी मनातल्या मनात हसत होता, खोटं कशाला सांगा. पण त्या क्षणी त्याला नीलाबाईचे तळहात दिसले आणि हसू गेलं. परत हातोडा, परत दगड. आणि आपण तिला मदत करायची सोडून या माणसामागं भिंग घेऊन फिरतोय, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"आता एकच उपाय," अमृतराव म्हणाले. "पाळत. चोर काहीही करेल, पण त्याला तहान लागेल. टँकरच्या रांगेवर सगळं गाव येतं. मी तिथं बसतो. तू रत्नम्मावर नजर ठेव."

रविवारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत अमृतराव लिंबाखाली एकटे पाळतीवर होते. लिंबाजी तेवढा वेळ रत्नम्माच्या गाड्याजवळ उभा राहून झारा कुठं आहे यावरून शिव्या खात होता. अंधारून आल्यावर अमृतराव खुशीत घरी गेले. जाता जाता त्यांनी दारातूनच अहवाल दिला: संशयास्पद माणसं एकोणचाळीस, त्यातली बायका छत्तीस, बसायची सोय उत्तम.

सोमवारी सकाळी आठला लिंबाजी अंगणात आला तेव्हा नीलाबाई शेगडीजवळ बसलेली होती. कोळसा भरून तयार, पाटीत वांगी तेल लावून तयार, पीठ तयार. तिनं हातोडाही पदराखाली आणून ठेवला होता. धा वाजले की इथूनच कामावर जाणार, असं ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर लिंबाजीला बरं वाटलं असतं.

अमृतराव हात मागं बांधून आले. "खचायचं कारण नाही. रात्री विचार केला. चोर तेलंगणातून आला, माहूरमार्गे. आता आपण फक्त..." असं म्हणत ते भिंतीकडे वळले आणि गुन्ह्याची जागा पुन्हा तपासायला ओणवे झाले.

नीलाबाईनं वर पाहिलं. मग ती उठली आणि जवळ आली. पाणी नव्हतं म्हणून बिराजदारांच्या घरात धुणं आठवड्यातून एकदा, गुरुवारी निघत असे. अमृतरावांच्या अंगावर कालचंच धोतर होतं, आणि त्या पांढऱ्या धोतरावर, बसायच्या जागी, तांबूस तेलकट रेघा उमटल्या होत्या. एकाखाली एक, सरळ.

"मालक, हलू नगा," ती म्हणाली.

"काही सापडलं?"

नीलाबाईनं अंतरावरून दोन बोटं धरून पाहिली. ओठातल्या ओठात मोजलं. "...नऊ, धा, अकरा." मग ती अशा आवाजात बोलली, जसा लिंबाजीनं वीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. "काल कुठं बसला होता?"

"पाळतीवर. टँकरच्या रांगेत."

"कशावर?"

"होतं काहीतरी. लोखंडी पाटासारखं. कुणीतरी छान सोय..." अमृतराव थांबले. मग हळूच सरळ झाले. त्यांनी मान मागं वळवून स्वतःचं धोतर बघायचा प्रयत्न केला आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. "गुप्तहेर," ते शेवटी म्हणाले, "खाली बघत नाही. तो समोर बघतो."

नीलाबाई तोवर गल्लीत पोचली होती.

लिंबाखाली बिनबुडाची बादली होती, सायकलचं चाक होतं, आणि त्यांच्यामागं तिसऱ्या नंबरावर, उन्हात, ऐटीत पसरलेली अकरा सळ्यांची जाळी. तिच्याशेजारी घागर आणि काठी घेऊन गौरम्मा सुपारी चघळत बसली होती. नीलाबाई जाळीवर झडप घालणार एवढ्यात नागुबाईची आरोळी आली. "हात लावू नगं! नंबर जाईल बिराजदाराचा!"

"आमच्या शेगडीची जाळी हाय ती!"

"अय्यो, जाळी कुठली?" गौरम्मा म्हणाली. "आमच्या गोदामाची खिडकी ही. मी सवता आणली वढत. दगड बंद केले हिनं, घागर ठिवली तर जाती. म्हनलं, मोडकी खिडकी कोण नेतंय?" तेवढ्यात धापा टाकत आलेला मुलगा तिला दिसला. "इचार की ह्याला. तूच सांगितलास ना रे अमृता, खिडकी हाय म्हनून?"

सगळी रांग अमृतरावांकडे बघू लागली. तीन पाय म्हणजे आई आणि तिची काठी, भाजकी सुपारी घरचीच, लाकडी पायाच्या चोराचा पत्ता स्वतःच्या घरचा. लिंबाजीनं हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक जाताना पाहिलं. आणि काल गल्लीत एकदा जरी 'आमची जाळी गेली' असं ओरडलो असतो, तर दोन मिनिटांत काम झालं असतं, हे त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरून गेलं.

"मला का न्हाई इचारलं?" गौरम्मा म्हणाली. "कालपास्नं इथंच तर येऊन जाऊन हाय मी."

"तपास गुप्त होता, आई."

"कुनापास्नं?"

मग अमृतरावांना खरं काय ते सांगावंच लागलं, डाकबंगला, साहेब, कोंबड्या सगळं. गौरम्मानं जाळीवरचा हात झटकन काढून घेतला. "शिव शिव शिव! कोंबड्या? आन हिच्यावर आमच्या पान्याचा नंबर?"

"आई," नीलाबाई तिच्यासमोर खाली बसली, "आठ दिस इटकरीनं घासलीय. राखेनं घासलीय. आत्ता घटकाभरात आगीत लाल होतीय ती. धा वाजता पेटली न्हाई तर मला परत खडी फोडाय जावं लागतंय." तिनं दोन्ही तळहात पुढं केले.

गौरम्माला कमी दिसायचं. तिनं ते तळहात हातात घेऊन चाचपले. बराच वेळ चाचपले. मग म्हणाली, "आगीत लाल होती ना? मग झालं. घेऊन जा."

"नंबर जाईल," नागुबाई म्हणाली. कायदा तिचाच होता आणि ती त्यात अडकली होती. तिचे स्वतःचे डोळे पाणावले होते, पण मागं सत्तर बादल्या होत्या. "वस्तू उचलली की नंबर गेला. आजचा टँकर हुकला की परत तिसऱ्या दिशी, बिराजदाराच्या घरात थेंब न्हाई. मी एकाला सोडलं तर उद्या समदे मागत्याल."

साडेआठ वाजले होते. लिंबाजीला वाटलं, संपलं. आणि मग गौरम्मानं काठी उचलून मुलाच्या पोटरीला टोचली.

"वस्तूच्या जागी घरचा मानूस चालतो का गं, नागू?"

"चालतो की. पर उठला तर नंबर गेला."

"लांबून वळखू येतोय ह्यो?"

"येतोय."

"कुनाला चोरून न्यावंसं वाटंल?"

नागुबाईनं अमृतरावांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "न्हाई," ती म्हणाली.

"मग बस रे अमृता."

अमृतरावांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा नीलाबाईकडे. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ते एक अक्षर न बोलता पुढं झाले, जाळी स्वतःच्या हातांनी उचलून लिंबाजीच्या खांद्यावर दिली आणि धुळीत मांडी घालून बसले.

"पळ, लिंबाजी," ते म्हणाले. "दुकानाची हातगाडी घे."

लिंबाजी अठरा वर्षांत पोतं घेऊन धावला नव्हता तसा शेगडी घेऊन धावला. नीलाबाई उरलेला गंज धावता धावताच खरवडत होती. मोडक्या पायाच्या बाजूनं वाटेत भेटलेल्या नरसिंगनं हात लावला. बसवंतच्या पडवीत शेगडी उतरली तेव्हा दहाला पंचवीस मिनिटं होती. भोकं मोकळी होती, वारा बरा होता, कोळशानं लगेच धरलं. जाळी तापून लाल झाली, मग करडी, आणि पहिलं वांगं चरचरलं. कचेरीच्या घड्याळात दहाचे ठोके पडले. बसवंतनं धूर पाहिला, वास घेतला आणि चहाची बाकडी सरकवून जागा करून दिली. रत्नम्मा गाडा घेऊन आलीच होती. तिनं शेगडी पाहिली, लिंबाजीनं मुकाट्यानं परत केलेला झारा पाहिला, आणि म्हणाली, "मला आधी एक भाकरी वाढा, मग भांडते." उदगीरच्या चार माणसांनी तोवर कागदं बगलेत मारून पंगत धरली होती.

नीलाबाईनं पदराखालचा हातोडा काढला, त्यानं कोळशाचा मोठा खडा फोडला आणि शेगडीत टाकला. "लई दिसांनी कामाचं काम करून राहिला ह्यो," ती म्हणाली आणि खदखदून हसली. लिंबाजीला त्या हसण्याचं इतकं बरं वाटलं की धुराचं निमित्त करून त्यानं डोळे पुसले.

अकराच्या सुमाराला पळसाच्या पानावर भाकरी, भरीत आणि ठेचा घेऊन तो रांगेवर आला. अमृतराव तिथंच होते. डोक्यावर आईनं टाकलेला पंचा, मांडीवर वही. पुढं सायकलचं चाक, मागं तीन पायांची खुर्ची.

"पेटली?" त्यांनी विचारलं.

"पेटली मालक. धाच्या आत."

या वेळी 'साहेब' म्हणायची आठवण अमृतरावांनी करून दिली नाही. अमृतरावांनी वहीत लिहिलं: 'चोरी-प्रकरण क्रमांक एक. निकाली. आरोपीस समज देण्यात आली.' आरोपी शेजारी घागर घेऊन सुपारी कातरत होती.

"लिंबाजी," ते भाकरी मोडत हळूच म्हणाले, "मी इथं का बसलोय हे कुणाला सांगू नकोस. गुप्त राहू दे."

तेवढ्यात भोंगा वाजला आणि धुरळ्यातून टँकर आला. ड्रायव्हरनं नळी खांद्यावर घेतली, बिनबुडाच्या बादलीवाल्यांची घागर भरली, चाकवाल्यांची भरली, आणि तिसऱ्या नंबराला येऊन थबकला. पानातलं भरीत खात बसलेल्या माणसाकडे त्यानं निरखून पाहिलं.

"मावशे," त्यानं हाक मारली, "हे काय ठिवलंय मधीच?"

"बिराजदाराचं हाय ते," नागुबाईनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "जाळीच्या जागी बसवलंय. वर कर गं गौरम्मा घागर. आन अमृतराव, तुमी उठू नगा, घागर भरस्तवर नुस्तं सरका."

जिल्हा गुप्तहेर अमृतराव बिराजदार यांनी पान डोक्यावर धरलं आणि बसल्या बसल्या हातभर पुढं सरकले.